अप्लाय करायला भीती वाटते, मग कंटेनर सेवा टेराफॉर्मने चढवायला शिकायचं कसं?

प्रश्न असा आला आहे: "तीन वर्षं बॅकएंडचं काम करते. डॉकर रोजच्या वापरात आहे. टेराफॉर्मचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, त्यातली उदाहरणं चालतात. पण ऑफिसमधली खरी सेवा एडब्ल्यूएसवर चढवायची म्हटली की अप्लाय करायला हात धजत नाही. आधी कुबरनेटिस शिकावं का? सुरुवात नेमकी कुठून करू?"

नव्या वाचकांसाठी दोन ओळी: कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं खोकं, डॉकर ते बांधतं आणि चालवतं. एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनचा क्लाउड, आणि तिथे काय उभं करायचं ते कोडमध्ये लिहून उभं करायचं साधन म्हणजे टेराफॉर्म. 'प्लॅन' म्हणजे काय बदलणार याची ते आधी दाखवतं ती यादी, 'अप्लाय' म्हणजे ते बदल खरोखर करणं. आता आधी भीतीचं बोलतो. एंटर मारल्यावर काय होणार हे आधी सांगता येत नसेल तर भीती वाटलीच पाहिजे. ज्यांना ती वाटत नाही त्यांच्यासोबत काम करताना मला जास्त काळजी वाटते. कोर्समध्ये अप्लाय शिकवतात, पण प्लॅन वाचायला कुणी बसवून शिकवत नाही. माझं सगळं उत्तर या एकाच गोष्टीभोवती आहे: प्लॅनची प्रत्येक ओळ वाचता आली पाहिजे, आणि ती तशी का आली हे दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे.

टेराफॉर्म समजावताना मी जमिनीचं उदाहरण घेतो, कारण तलाठी कार्यालयात खेपा घातलेलं कुणीतरी आपल्या प्रत्येकाच्या घरात असतंच. जमिनीच्या बाबतीत तीन गोष्टी असतात: खरेदीखतात काय लिहिलंय, सातबाऱ्यावर काय नोंद आहे, आणि बांधावर उभं राहिलं की प्रत्यक्षात काय दिसतं. तुमचा कोड म्हणजे खरेदीखत, काय असायला हवं ते. स्टेट फाइल म्हणजे सातबारा, टेराफॉर्मच्या लेखी काय आहे ते. आणि क्लाउडमध्ये चालू असलेल्या वस्तू म्हणजे प्रत्यक्ष शेत. प्लॅन काढताना टेराफॉर्म आधी सातबाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तूची शेतात जाऊन मोजणी करतं, मग ती खरेदीखताशी ताडून बघतं आणि फरक तुमच्यापुढे ठेवतं. कुणी कन्सोलमध्ये जाऊन हाताने बदल केला तर तो फेरफार न नोंदवता बांध सरकवण्यासारखा आहे, पुढच्या अप्लायला टेराफॉर्म बांध पुन्हा जुन्या जागी नेऊन ठेवेल. कोडमधून एखादा ब्लॉक पुसला तर ती वस्तू पाडली जाईल, कारण सातबाऱ्यावर ती आहे आणि खरेदीखतात नाही. आणि जी वस्तू सातबाऱ्यावर आलीच नाही, तिला टेराफॉर्म हात लावत नाही.

हे वाचून पटतं, पण अंगवळणी पडत नाही. म्हणून पहिला आठवडा क्लाउडचं खातं उघडूच नका. टेराफॉर्मला डॉकरचा प्रोव्हायडर (जोडणी) आहे, तो तुमच्या लॅपटॉपवरच्या डॉकरशी बोलतो आणि एक पैसाही लागत नाही. त्यातून एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा एक कंटेनर ८०८० पोर्टवर उभा करा. मग दुसऱ्या टर्मिनलमधून तो हाताने काढून टाका आणि प्लॅन बघा: टेराफॉर्म तो नव्याने बनवायचं म्हणेल. कोडमध्ये नाव बदला: आता उणे-अधिक अशी खूण दिसेल, म्हणजे जुना पाडून नवा. त्यानंतर स्टेट फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि अप्लाय करा. टेराफॉर्मला वाटेल काहीच अस्तित्वात नाही, ते नवा कंटेनर बनवायला जाईल आणि डॉकर सांगेल की या नावाचा कंटेनर आधीच आहे. सातबारा हरवला तरी शेत तिथेच असतं, हे या एका चुकीतून जितकं कळतं तितकं तासाभराच्या व्हिडिओतून कळत नाही. शेवटी तोच कंटेनर इम्पोर्ट करून स्टेटमध्ये परत आणा. इम्पोर्टनंतर प्लॅन लगेच कोरा येत नाही, लिहिलेलं आणि असलेलं जुळवत बसावं लागतं. ते जुळवताना कंटाळू नका. जुन्या कंपन्यांमध्ये हाताने उभ्या केलेल्या वस्तू टेराफॉर्ममध्ये आणायचं काम अर्ध्या वेळा हेच असतं.

टेराफॉर्म की ओपनटोफू, यावर वेळ घालवू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने त्याचा परवाना बदलला, त्यातून ओपनटोफू वेगळं झालं, ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे आणि त्याची १.६ ही पहिली पक्की आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. शिकण्याच्या टप्प्यावर दोन्हीची भाषा एकच आहे. ऑफिसमध्ये जे आहे ते घ्या.

आता प्लॅन वाचण्यावर मी एवढा भर का देतो ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमची सेवा ईसीएसवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या कंटेनर चालवणाऱ्या सोयीवर होती. तिथे टास्क डेफिनिशन (कुठली इमेज कशी चालवायची याची नोंद) एकदा नोंदवली की बदलता येत नाही, दरवेळी नवी आवृत्ती तयार होते. त्यामुळे नवी इमेज (कंटेनर ज्यातून उभा राहतो तो साचा) चढवायची म्हटली की प्लॅनमध्ये टास्क डेफिनिशनपुढे उणे-अधिक खूण येते, "मस्ट बी रिप्लेस्ड" असं लिहून येतं, आणि शेवटची ओळ असते: १ नवीन, १ बदल, १ नष्ट. वर्षभर दिवसातून दोन-तीनदा मी ती बघत होतो. डोळ्याला त्या लाल खुणेची सवय झाली होती.

एक दिवस ऑडिटमधून सूचना आली की स्टेजिंगचा (चाचणीसाठीच्या जागेचा) डेटाबेसही एन्क्रिप्ट करा. कोडमध्ये एकच ओळ होती, स्टोरेज एन्क्रिप्टेड बरोबर ट्रू. त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (कोडबदलाच्या प्रस्तावात) नवी इमेजही होती. प्लॅन दोन-तीन स्क्रीन भरून आला. मी सरळ खाली गेलो. २ नवीन, १ बदल, २ नष्ट. एकाच्या जागी दोन आहेत हे डोळ्यांना दिसलं, मनापर्यंत पोचलं नाही. 'येस' टाइप केलं. आरडीएसचा, म्हणजे एडब्ल्यूएस सांभाळतं तो, चालू डेटाबेस जागच्या जागी एन्क्रिप्ट होत नाही, त्यासाठी डेटाबेस नव्याने बनवावा लागतो, आणि टेराफॉर्म ते जुना पाडून नवा उभा करून करतं. "स्टिल डिस्ट्रॉइंग, १० सेकंद", "२० सेकंद", "३० सेकंद" अशा ओळी सरकायला लागल्या आणि त्या ओळीच्या सुरुवातीला डेटाबेसचं नाव मला दिसलं. कंट्रोल-सी दाबून उपयोग नव्हता, हुकूम एडब्ल्यूएसकडे गेलेला होता. शेवटचा स्नॅपशॉट (डेटाची प्रत) घेऊ नये असं कोडमध्ये आम्हीच लिहून ठेवलं होतं, आपोआप होणारे बॅकअपही डेटाबेसबरोबर गेले. टेस्टिंगच्या सहकाऱ्यांनी तीन आठवडे खपून तयार केलेला डेटा त्यात होता. त्यांच्यासमोर जाऊन ते सांगणं मला आजही आठवतं.

बरोबर मार्ग होता तो असा: स्नॅपशॉट घ्यायचा, तो एन्क्रिप्ट करून कॉपी करायचा, त्यातून नवा डेटाबेस उभा करायचा आणि मग तो स्टेटमध्ये आणायचा. अर्ध्या दिवसाचं काम.

त्या दिवसापासून मी चार गोष्टी सोडत नाही. डेटाबेसवर डिलीशन प्रोटेक्शन चालू. कोडमध्ये प्रिव्हेंट डिस्ट्रॉय. हे दोन्ही हवेत, कारण प्रिव्हेंट डिस्ट्रॉय तो ब्लॉक कोडमध्ये असेपर्यंतच राखण करतं. कुणी अख्खा ब्लॉकच पुसला तर त्याच्याबरोबर राखणही जाते. डिलीशन प्रोटेक्शन एडब्ल्यूएसच्या बाजूला असतं, ते तरीही अडवतं. तिसरी गोष्ट, डेटाबेसची स्टेट वेगळी आणि रोज चढणाऱ्या सेवांची वेगळी, म्हणजे रोजच्या प्लॅनमध्ये डेटाबेस येतच नाही. चौथी, पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या साखळीत) प्लॅन जेसनमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा रूपात, काढून तपासायचा: टास्क डेफिनिशन सोडून दुसरं काहीही नष्ट होणार असेल तर पाइपलाइन थांबते आणि माणसाने बघितल्याशिवाय पुढे जात नाही. रोज दिसणारी लाल खूण आणि क्वचित दिसणारी लाल खूण डोळा वेगळी करत नाही. ती यंत्राकडून वेगळी करून घ्या.

हा पाया झाला की एक सेवा ईसीएस फारगेटवर (सर्व्हर स्वतः न सांभाळता कंटेनर चालवता येतो त्या प्रकारावर) न्या, मुंबई रीजनमध्ये. एकच सेवा, एकच यूआरएल. पण टेराफॉर्म उघडण्याआधी इमेज धड आहे का ते बघा, कारण सुरुवातीच्या अडचणींपैकी बऱ्याच इमेजच्या असतात आणि दोष टेराफॉर्मला मिळतो. तुमचा ॲप कंटेनरच्या आत १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त आतल्या आत, ऐकत असेल तर बाहेरून कुणालाच दिसणार नाही, ०.०.०.० वर ऐकायला लावा. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपच्या मॅकबुकवर बांधलेली इमेज आर्म प्रोसेसरची असते, फारगेटचा टास्क (चालणारा कंटेनर) मात्र सांगितलं नाही तर एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीचा प्रोसेसर, धरतो. मग "एक्झेक फॉरमॅट एरर" एवढं बोलून कंटेनर मरतो. बांधताना प्लॅटफॉर्म लिनक्स-एएमडी६४ सांगा, किंवा टास्कलाच आर्म६४ सांगा. आणि डॉकरफाइलमधली शेवटची सीएमडी चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. साध्या वाक्यासारखी लिहिली तर मध्ये शेल (आज्ञा चालवणारा मधला प्रोग्राम) येतं, 'बंद हो' सांगणारा सिगटर्म सिग्नल बरेचदा तुमच्या ॲपपर्यंत पोचतच नाही, आणि ईसीएस ३० सेकंद वाट बघून त्याला ठार करतं. हातातल्या विनंत्या अर्धवट तुटतात. एक्झिट कोड १३७ दिसला तर हेच झालं असेल किंवा मेमरी संपली असेल.

इमेजला 'लेटेस्ट' टॅग लावू नका. टेराफॉर्म फक्त लिहिलेलं बघतं. टॅग कालही लेटेस्ट होता, आजही लेटेस्ट आहे, मग प्लॅन कोरा येतो आणि नवी इमेज चढत नाही. लोक तास-तास शोधत बसतात. गिट कमिटचा हॅश (त्या कोडबदलाची ओळख) टॅग म्हणून लावा आणि तो व्हेरिएबल म्हणून टेराफॉर्मला द्या.

आता पहिल्यांदा अप्लाय कराल तेव्हा बहुधा असं होईल: टर्मिनलवर हिरव्या अक्षरांत "अप्लाय कम्प्लीट" येईल, आणि ब्राउझरमध्ये ५०३, म्हणजे सेवा उपलब्ध नाही. गोंधळू नका. सेवेची नोंद झाली एवढंच टेराफॉर्म सांगतंय, कंटेनर उभा राहिला असं नाही. स्थिर होईपर्यंत थांबायची सोय सेवेच्या ब्लॉकमध्ये आहे, 'वेट फॉर स्टेडी स्टेट', पण ती मुळात बंद असते. ती चालू करा. सोबत डिप्लॉयमेंट सर्किट ब्रेकर रोलबॅकसकट (नवी आवृत्ती पडत राहिली तर थांबून जुनीवर परत जाणारी सोय) लावा, नाहीतर ईसीएस मरणारा टास्क पुन्हा पुन्हा उभा करत राहतं.

टास्क मरत असेल तर मी ठरलेल्या क्रमाने बघतो. आधी थांबलेल्या टास्कचं कारण. थांबलेले टास्क तिथे साधारण तासभरच दिसतात, तेव्हा आधी तेच उघडा. "कॅननॉट पुल कंटेनर" असेल तर ॲप सुरूच झालेला नाही, लॉग शोधू नका. टॅग चुकलाय, परवानगी नाही, किंवा त्या सबनेटमधून (नेटवर्कच्या तुकड्यातून) ईसीआरपर्यंत, म्हणजे एडब्ल्यूएसच्या इमेज-कोठारापर्यंत, वाट नाही. खाजगी सबनेटला बाहेरचा रस्ता आपोआप नसतो. एकतर नॅट गेटवे (आतून बाहेर जायचं दार) लागतो, किंवा ईसीआरचे दोन, लॉगचा एक आणि एसथ्रीचा (एडब्ल्यूएसची फाइल साठवण) एक असे एंडपॉइंट, म्हणजे एडब्ल्यूएसच्या आतूनच जाणाऱ्या वाटा, लागतात. एसथ्रीचा लोक विसरतात, पण इमेजचे थर तिथूनच येतात.

कारणात "हेल्थ चेक फेल" असेल तर वेगळी गोष्ट. ॲप चालू होता, लोड बॅलन्सरला, म्हणजे विनंत्या टास्कांमध्ये वाटून देणाऱ्याला, पसंत पडला नाही. इथे हिशोब मांडून बघा. लोड बॅलन्सर मूळ सेटिंगमध्ये दर ३० सेकंदांनी विचारतो आणि सलग २ वेळा उत्तर नाही मिळालं की टास्क आजारी ठरवतो. म्हणजे सुमारे एक मिनिट. तुमचा जावाचा ॲप उठायलाच ९० सेकंद घेत असेल तर तो कधीच उभा राहणार नाही, दरवेळी उठता उठता मारला जाईल. लॉगमध्ये चूक काहीच दिसत नाही, म्हणून माणूस चक्रावतो. सेवेला हेल्थ चेक ग्रेस पीरियड (सुरुवातीची सवलत) द्या, १२० किंवा १८० सेकंद. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे मुख्य पत्ता लॉगिनकडे वळवतो, उत्तर ३०२ येतं आणि लोड बॅलन्सरला २००च (सगळं ठीक) हवं असतं. हेल्थसाठी वेगळा, लॉगिन न मागणारा पत्ता ठेवा, आणि त्यात डेटाबेस तपासू नका. नाहीतर डेटाबेस दोन मिनिटं अडखळला की सगळे टास्क एकदम मारले जातील आणि लहान अडचण मोठी होईल.

परवानग्यांमध्ये दोन रोल असतात आणि सुरुवातीला प्रत्येकाची तिथे गल्लत होते. एक्झिक्युशन रोल म्हणजे सामान आणून लावणाऱ्या टेम्पोवाल्याचा गेटपास: इमेज ओढणं, लॉग लिहिणं, गुपितं (पासवर्ड वगैरे) आणून देणं. टास्क रोल म्हणजे घरात राहणाऱ्या भाडेकरूची किल्ली: तुमचा कोड चालू असताना एसथ्री किंवा क्यू (निरोपांची रांग) वापरतो ती. टास्क सुरूच होत नसेल तर पहिला बघा. सुरू होऊन "ॲक्सेस डिनाइड" म्हणत असेल तर दुसरा.

गुपितांचं एक लक्षात ठेवा: स्टेट फाइलमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत बसतात. कोडमध्ये 'सेन्सिटिव्ह' लिहिलं तरी फक्त स्क्रीनवर झाकले जातात. म्हणून स्टेट गिटमध्ये कधीही नको. ती एसथ्रीमध्ये, व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या राखणं) चालू, आणि कुलूप लावून ठेवा, म्हणजे दोघांनी एकाच वेळी अप्लाय केलं तर दुसरा थांबेल. पूर्वी कुलपासाठी डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेसचा टेबल लागायचा, टेराफॉर्म १.१० पासून एसथ्रीमध्येच कुलपाची सोय आहे. टास्क डेफिनिशनमध्ये पासवर्ड लिहू नका, सीक्रेट्स मॅनेजरमधला (एडब्ल्यूएसच्या पासवर्डांच्या तिजोरीतला) पत्ता तेवढा द्या.

खर्चाचं आधीच सांगतो, कारण बिल बघून घाबरून शिकणं सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. खातं उघडल्यावर पहिलं काम बजेटचा अलार्म. लोड बॅलन्सर आणि नॅट गेटवे कुणी वापरो न वापरो, तासावर पैसे घेतात. १ फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाला ०.००५ डॉलर लागतात. सरावासाठी नॅट नको, टास्क सार्वजनिक सबनेटमध्ये ठेवा, त्याला सार्वजनिक पत्ता द्या आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कुणाला आत सोडायचं त्या नियमांत) फक्त लोड बॅलन्सरकडून येणारी वाट उघडा. ऑफिसच्या सेवेला हे चालणार नाही, शिकायला चालतं. सगळ्यात लहान टास्क पाव व्हीसीपीयू आणि अर्धा जीबी मेमरीचा असतो, तेवढा पुरे.

कुबरनेटिस, म्हणजे बरेच कंटेनर एकत्र सांभाळणारी प्रणाली, आत्ता नको. तो वाईट आहे म्हणून नाही, त्याच्यावर माझं प्रेम आहे. पण त्यात तीच तीन पानं पुन्हा येतात, लिहिलेलं, नोंदलेलं आणि असलेलं, आणि तिथे ती ताडून बघणारा कंट्रोलर थांबून "करू का?" असं विचारत नाही, तो सतत करतच राहतो. टेराफॉर्म विचारतं. ज्याने विचारलेल्या प्रश्नाला समजून हो म्हणायची सवय लावली, त्याला न विचारता होणारे बदल लवकर कळतात. एक सेवा चार महिने नीट चालवा, मग या.

ऑफिसच्या सेवेला हात घालायच्या आधी एक महिना असं करा. रोज रात्री तुमची सरावाची सेवा डिस्ट्रॉय करायची, सकाळी रिकाम्या खात्यात अप्लाय करायची. पहिल्या सकाळी काहीतरी अडेल: सर्टिफिकेट हाताने बनवलेलं होतं, ईसीआरची रिपॉझिटरी गेली आणि इमेज तिच्याबरोबर गेली, सीक्रेट त्याच नावाने पुन्हा बनवता येईना कारण जुनं अजून हटवण्याच्या प्रतीक्षेत आहे. जे अडलं ते कोडमध्ये आणा, किंवा रोज पाडायच्या स्टेटमधून बाहेर काढून वेगळ्या स्टेटमध्ये ठेवा. आणि अप्लायच्या आधी वहीत लिहा: आज किती नवीन, किती बदल, किती नष्ट. मग प्लॅनची शेवटची ओळ बघा. आकडे चुकले तर वर जाऊन कुठला अंदाज चुकला ते शोधा. सलग आठवडाभर आकडे जुळले आणि कन्सोल न उघडता सेवेने २०० उत्तर दिलं, की ऑफिसच्या स्टेजिंगचा प्लॅन काढा आणि शेजारी बसलेल्या सीनियरला ओळ न ओळ वाचून दाखवा. त्यांनी मध्येच थांबवून काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर त्या दिवशी अप्लाय करू नका. तेवढी ओळ घरी घेऊन जा, लॅपटॉपवरच्या कंटेनरवर तशीच स्थिती उभी करून बघा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.